भेटीला येणाऱ्यांच्या हाती काम द्या

पत्र : माझे वडील ६४ वर्षांचे. पाच आठवड्यांपूर्वी पहाटे त्यांच्या अंगावरून वारं गेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली, असं गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळात सांगितलं. उजवा हात जवळजवळ हलत नाही, पाय थोडा उचलतात. बोलणं गेलंय. 'हां' आणि 'ना' एवढंच येतं, तेही कधी उलटसुलट. पण भजनी मंडळाची माणसं आली आणि त्यांनी गजर धरला तेव्हा बाबा त्यांच्याबरोबर म्हणाले. मंडळात ते पेटी वाजवायचे. घरी आई, तिची साठी उलटलीय. भाऊ वेर्ण्याला शिफ्टमध्ये, मी लग्न होऊन म्हापशाला. आई बाबांना निजवूनच पेज भरवते, मध्येच ठसका लागतो. व्यायाम म्हटला की बाबा तोंड फिरवतात, कधी एकाएकी रडतात. सकाळपासून रात्रीपर्यंत भेटीला माणसं. कोणी वैद्याचं नाव सांगतो, कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतो. भाऊ म्हणतो होमनर्स ठेवूया. गणपतीच्या चवथीपर्यंत बाबा चालतील का? आम्ही नेमकं काय करायचं?
— डिचोली तालुक्यातली एक लेक

ताई,

तुमच्या पत्रातली एक गोष्ट आजच्या जेवणापासून बदलायला हवी : बाबांना निजवून भरवणं. बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल.

पक्षाघातात हातापायांसारखेच जिभेचे आणि घशाचे स्नायूही ढिले पडतात. गिळताना श्वासनलिकेचं तोंड वेळेवर झाकलं जात नाही आणि घास किंवा पाणी फुफ्फुसाकडे उतरतं. ठसका ही त्याची खूण. काहींना ठसकाही लागत नाही. जेवल्यावर आवाज ओला, गुरगुरता होतो किंवा दोन दिवसांनी ताप चढतो, तेव्हा कुठे कळतं. यातून होणारा न्यूमोनिया जिवावर बेतू शकतो. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात. बाबांचं बोलणं आणि गिळणं, दोन्हींसाठी त्यांची गरज आहे, तेव्हा बांबोळीच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता याच आठवड्यात त्यांना दाखवा.

तोवर बाबांना खुर्चीवर ताठ बसवून भरवा. पाय जमिनीला टेकलेले, उजव्या कुशीला उशी, म्हणजे ते त्या बाजूला कलणार नाहीत. भरवणाऱ्यानं त्यांच्या समोर बसावं. उभं राहून भरवलं की खाणाऱ्याची मान वर जाते, आणि मान मागे गेली की श्वासनलिका उघडी पडते. एका वेळी अर्धा चमचा. गळ्यावरची घाटी वर जाऊन खाली आली म्हणजे घास गेला, त्यानंतरच पुढचा चमचा. उजव्या गालात घास साठून राहतो आणि त्यांना तो जाणवत नाही. म्हणून शेवटी गाल तपासा, बोटाला स्वच्छ फडकं गुंडाळून तो काढा. जेवल्यावर निदान अर्धा तास तसंच ताठ बसू द्या. सकाळ-संध्याकाळ दात आणि जीभ घासून घ्या, कारण लाळ चुकून फुफ्फुसात गेली तर अस्वच्छ तोंडातले जंतूही तिच्याबरोबर जातात. जेवताना टीव्ही बंद, गप्पा बंद.

पेजेचं काय करायचं? आजारी माणसाला पेज हे आपल्याकडे ठरलेलंच, पण अशा रुग्णाला ती सगळ्यात अवघड जाते. जीभ शितं गोळा करते तोवर पाणी पुढे निसटून गेलेलं असतं. उकड्या तांदळाची पेज मिक्सरमधून काढा. चमचा तिरका केला की गोळा सावकाश सुटावा, धार लागू नये, इतपत दाट. नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, घट्ट दही, मऊ भात डाळीत मळून, हे सगळं चालतं. नुस्तं, म्हणजे मासे, हवंच असेल तर काट्याची तारली-बांगडा नको. इसवणाचा (सुरमईचा) तुकडा नीट पाहून, कुस्करून हुमणाच्या, म्हणजे माशाच्या आमटीच्या, दाट रसात द्या. पाणी, कोरा चहा आणि सोलकढी हे पातळ पदार्थ सर्वांत आधी चुकीच्या वाटेनं जातात. तरी पाणी तोडू नका, त्यानं दुसरीच दुखणी सुरू होतील. ताठ बसवून चमच्याचमच्यानं द्या, स्ट्रॉ वापरू नका. एवढं करूनही ठसका लागत राहिला तर थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पेय किती दाट करायचं, काही दिवस नळी लागेल का, हे त्यांनाच ठरवू द्या. गोळी अख्खी गिळता येत नसेल तर कुटण्याआधी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा. काही गोळ्या कुटल्या की दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं.

यानंतर उजवा खांदा. तो दुखायला लागला असेल तर बाबा व्यायामाला तोंड का फिरवतात याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. खांद्याचा सांधा हाडांपेक्षा स्नायूंच्या जोरावर जागेवर राहतो. स्नायू लुळे पडले की हाताचं सगळं वजन सांध्याला खाली ओढतं आणि खोबणीत फट पडते, वरून दाबल्यास बोटाला लागते. अशात कोणी मायेनं 'उठा बाबा' म्हणत त्या हाताला धरून उठवलं किंवा काखेत हात घालून उचललं की आतले स्नायू दुखावतात. हे दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. त्या हाताला धरून ओढायचं नाही हे घरातल्या प्रत्येकाला आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगा. हवं तर कागदावर लिहून बाबांच्या खाटेच्या वर लावा.

बसलेले असताना उजवा हात उशीवर किंवा टेबलावर, कोपरापासून बोटांपर्यंत टेकलेला, बोटं उघडी. गळ्यातली झोळी फक्त उभं राहताना आणि चालताना. दिवसभर झोळीत राहिलेला हात कोपरात आखडतो. दोरी-कप्पी लावून हात वर ओढण्याचे व्यायाम सांगणारे भेटतील, ते करू नका. उजव्या अंगाची जाणीव कमी झालेली असू शकते, तेव्हा त्या बाजूला गरम पाण्याची पिशवी ठेवू नका आणि आंघोळीचं पाणी डाव्या हातानं तपासूनच घाला. बोटं आत वळायला लागली असतील तर मऊ चेंडू दाबत बसण्यात फारसा अर्थ नाही. मूठ मिटणं आधी येतं, उघडणं मागे राहतं, आणि सराव उघडण्याचा हवा.

खाटेवर दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री आईला जमेल तशी. माकडहाड, घोटा आणि टाच रोज बघा. लाल डाग दाबल्यावर फिका पडत नसेल तर ती खाटजखमेची सुरुवात. पिंढरी एकाएकी सुजली आणि दुखू लागली तर चोळू नका, डॉक्टर गाठा. ती शिरेतली गुठळी असू शकते.

आता व्यायाम. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा तासभर आले तर महिन्याला आठ-नऊ तास होतात. जागेपणीचे बाकीचे सगळे तास घरातल्यांच्या हाती असतात, आणि सुधारणा बहुतांशी त्याच तासांत घडते किंवा अडते. मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही. शेजारचे आणि दुसऱ्या बाजूचे भाग ते काम उचलायला शिकतात, आणि ते शिकतात ते एकच काम पुन्हापुन्हा केल्यानं. दुसऱ्यानं हात हलवून दिला तर सांधा मोकळा राहतो, पण शिकणं होत नाही. त्यासाठी बाबांनी स्वतः जोर लावायला हवा, हात बोटभर सरकला तरी. म्हणून जे काम ते अर्धंमुर्धं करू शकतात ते त्यांच्या हातून काढून घेऊ नका. सदऱ्याची बाही : उजवा हात आधी घालायचा, काढताना डावा आधी. दहा मिनिटं लागली तर लागू द्या. आई घाईघाईनं दोन मिनिटांत सदरा चढवते तेव्हा त्या दिवसाचा एक व्यायाम गेला असं समजा.

सगळ्यात मोलाचा व्यायाम आहे बसल्याचं उठणं. भिंतीला टेकवलेली, हात असलेली मजबूत लाकडी खुर्ची, बैठक साधारण ४५ सेंटिमीटर. जड जात असेल तर वर घट्ट घडीची चादर ठेवून उंची वाढवा. दोन्ही पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्यायचे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं वाकायचं, मग उठायचं. बहुतेकांचं चुकतं ते वाकण्यात. पडण्याच्या भीतीनं अंग मागे राहतं आणि मग मदत करणारा हात ओढू लागतो. मदतनीस उजव्या बाजूला, एक हात कमरेच्या रुंद पट्ट्यावर, दुसरा छातीपुढे. बाबा सगळं वजन डाव्या पायावर घेतील. उजव्या गुडघ्याला तळहातानं हलकेच आधार देऊन त्या पायावर भार द्यायला सुचवा. सुरुवातीला पाच वेळा, दिवसातून चार-पाच बैठका, प्रत्येकीनंतर विश्रांती. मग फिजिओथेरपिस्टना विचारून आकडा वाढवत न्या. खाटेवरून खुर्चीत घेताना खुर्ची बाबांच्या डाव्या हाताला, थोडी तिरकी. चाकाची असेल तर ब्रेक आधी.

काठी डाव्या हातात, हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या वळीपर्यंत उंच. आधी काठी, मग उजवा पाय, मग डावा. पायऱ्या चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा. पायात हवाई चप्पल नको, मागे पट्टा असलेला सँडल हवा. उजव्या पायाचा चवडा लोंबत असेल तर त्यासाठी पट्टी-बूट मिळतो, मात्र माप घेऊनच करायचा. बाजारातला तयार आणलात तर टाचेला जखम होईल. आणखी एक : फिजिओथेरपिस्ट शिकवत असतील तेव्हा बाबांवरच केलेला प्रत्येक व्यायाम मोबाईलवर चित्रित करून घ्या, आणि पुढच्या भेटीत तो आईला किंवा भावाला त्यांच्यासमोर करून दाखवायला सांगा. पाहून समजलेलं आणि हाताला आलेलं यात बराच फरक असतो.

आपली जुनी घरं अशा माणसाला जागोजागी अडवतात. उंबरठा उंच, न्हाणी मागच्या बाजूला, शौचालय उकिडवं बसायचं, आणि पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ. उंबरठा तोडायची गरज नाही, दोन्ही बाजूंनी लाकडाचा उतार बसवा. शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून, घासून काढा आणि पाऊस संपेपर्यंत दर आठवड्याला काढत राहा. न्हाणीत पाय रुंद असलेली, न हलणारी खुर्ची ठेवा, आणि डाव्या हाताला येईल असा लोखंडी दांडा लावा. मातीच्या भिंतीत साधा स्क्रू धरत नाही. दांड्यावर सगळं वजन येणार, म्हणून आरपार बोल्ट घालून मागून पट्टी लावून घ्या. शौचासाठी कमोडची खुर्ची आणा. रात्री लघवीला खाटेजवळ भांडं, कारण रात्री पडतात ती माणसं बहुधा न्हाणीच्या वाटेवरच पडतात.

बाबांच्या बोलण्याविषयी. त्यांची बुद्धी शाबूत आहे असं धरूनच वागा. मेंदूच्या डाव्या बाजूला भाषेचं काम चालतं, तिथे इजा झाल्यावर शब्द सापडत नाही किंवा भलताच बाहेर पडतो. 'हां' म्हणायचं असतं आणि 'ना' येतं. म्हणून उत्तराची खात्री मानेवरून, बोटावरून करून घ्या. प्रश्न एका वेळी एकच, हो-नाहीत उत्तर येईल असा. विचारल्यावर मनात दहा मोजा, मध्ये शब्द पुरवू नका. 'चहा हवा की पेज, आणि आता की मागीर?' हे चार प्रश्न झाले. चहाचा कप आणि पेजेची वाटी समोर धरून विचारा. पाटी-पेन्सिल देऊन 'लिहून दाखवा' म्हणण्याचा मोह होतो, पण बोलण्याबरोबर लिहिणंही बहुतेकदा गेलेलं असतं आणि ते जमलं नाही की माणूस आणखी खचतो. त्यापेक्षा एका पुठ्ठ्यावर चित्रं लावा : पाणी, चहा, संडास, दुखतंय, पंखा, कूस बदला, आणि घरातल्यांचे फोटो. घरात कोंकणी बोलत असाल तर कोंकणीच बोला, भजनाची आणि पेपराची मराठी मराठीच ठेवा. दोन-तीन भाषा येणाऱ्या माणसाची एक भाषा आधी परतते, दुसरी मागाहून, आणि कोणती आधी येईल ते सांगता येत नाही.

गजर म्हणता आला याचा आनंद रास्त आहे. पाठ असलेलं गाणं, मोजणी, वारांची नावं यांची वाट मेंदूत थोडी वेगळी असते, म्हणून ती वाचतात. त्यावरून बोलणं आठवड्यात परतेल असं मानू नका. मात्र त्या वाटेचा उपयोग होतो. नेहमी लागणारी छोटी वाक्यं सुरात म्हणायची, म्हणताना त्यांचा डावा हात मांडीवर ताल धरील. गजराच्या ओळीतला शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडायचा. हे रोज पंधरा-वीस मिनिटं, स्पीच थेरपिस्टनी दाखवलं तसं.

ते रडतात आणि व्यायाम टाळतात, याची कारणं वेगवेगळी असू शकतात. एक, थकवा : पक्षाघातानंतरचा थकवा रात्रभर झोपूनही जात नाही, म्हणून व्यायाम सकाळी, छोट्या हप्त्यांत. दोन, खांद्याची दुखण. तीन, सांगितलेलं न कळणं : 'हात वर करा' हे शब्द पोचलेच नसतील, म्हणून स्वतः करून दाखवा. चार, नैराश्य. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला ते येतं, आणि ज्याला बोलता येत नाही त्याचं लक्षातच येत नाही. जेवण तुटणं, झोप उडणं, पेटीकडे किंवा नातवंडांकडेही न बघणं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांना सांगा. औषध आहे आणि त्यानं व्यायामातही फरक पडतो. मनात दुःख नसताना एकाएकी रडू फुटणं हा वेगळा प्रकार आहे. तो मेंदूच्या इजेतूनच येतो. तेव्हा भोवती जमून समजूत घालू नका, विषय बदला, पाणी विचारा, मिनिटाभरात ओसरेल.

आता भेटीला येणारी माणसं. गावातली माणसं येतात हे तुमचं फार मोठं बळ आहे, पण आज ते सगळं बळ खाटेभोवती उभं राहून चुकचुकण्यात जातंय. भेटीची वेळ ठरवा : संध्याकाळी पाच ते सहा, एका वेळी दोघं, पंधरा मिनिटं. सर्दी-खोकला असलेल्यांनी बाहेरूनच विचारपूस करावी. हे सांगणं आईला जमणार नाही, तिला वाईट वाटेल. शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला ओटीवर बसवा आणि त्याच्या तोंडून सांगा. 'काय लागलं तर सांगा' म्हणणाऱ्या प्रत्येकाला तिथल्या तिथे काम सांगा. बहुतेकांना मदत करायची असते, काय करायचं ते कळत नसतं.

कामं अशी : दोन शेजारणींनी वार वाटून घेऊन दुपारी बारा ते दोन घरी बसायचं, त्या वेळात आईनं झोपायचं, स्वयंपाक करायचा नाही. मंडळातल्या दोन तरुणांनी सकाळी कामावर जाण्याआधी अर्धा तास यायचं आणि बाबांना उठण्याबसण्याचा, चालण्याचा सराव द्यायचा. फिजिओथेरपिस्ट येतात त्या वेळी एकदा त्यांना बोलावून शिकवून घ्या. शिकल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. ज्याची गाडी आहे त्यानं बांबोळीची तारीख सांभाळायची. कोणी औषधं आणायची, कोणी न्हाणीचा दांडा बसवून द्यायचा. भिंतीवर एक वही टांगा : औषधं दिली का, रक्तदाब किती, जेवण कसं गेलं, शौचाला झालं का, किती वेळा उठले. भाऊ रात्रपाळीहून आला तरी त्याला दिवस कसा गेला ते कळेल, आणि डॉक्टरांपुढे अंदाजानं बोलावं लागणार नाही. तुम्ही म्हापशाहून रोज येऊ शकत नाही, तेव्हा वार लावणं, डॉक्टरांशी बोलणं, कागदपत्रं सांभाळणं हे तुमच्याकडे घ्या. फोनवरून होणारं काम आहे आणि आईच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरेल.

मंडळाला मात्र खास काम आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी चार-पाच जणांनीच यावं आणि वीस मिनिटं ओटीवर बसावं. बाबांना खुर्चीवर बसवून समोर उंच टेबलावर पेटी ठेवा. पेटीचा भाता डाव्या हातानं मारतात आणि बाबांचा डावा हात धड आहे. भाता ते मारतील, पट्ट्या दुसरा वाजवील. उजवा हात टेबलावर टेकवून बोटं पट्ट्यांवर ठेवा, सूर दाबायचा प्रयत्न ते स्वतः करतील. वाद्याच्या पट्ट्यांवर बोटांचा सराव ही पक्षाघातानंतर वापरली जाणारी पद्धतच आहे. सूर लागला की लगेच कानाला कळतं, म्हणून माणूस कंटाळत नाही. मनगट लोंबकळू देऊ नका आणि दम लागला की थांबा. व्यायामाला नकार देणारा माणूस पेटीला नकार देईल असं वाटत नाही, पण त्या दिवशी दिलाच तर आग्रह नको.

होमनर्स ठेवायला हरकत नाही. सकाळचे चार-पाच तास, आंघोळ आणि कपडे त्या वेळात. मात्र पैसे देऊन ठेवलेली व्यक्ती सगळंच करून मोकळी होते आणि बाबा खाटेवरच राहतात. 'बाबांना करू दे, तू शेजारी उभी राहा' हे पहिल्या दिवशी सांगा. तिनं हाताला धरून ओढलेलं दिसलं तर तिथेच थांबवा.

कबुतराचं रक्त नको. त्यानं मेंदूतली इजा भरत नाही, जंतुसंसर्ग मात्र होईल, आणि त्या निमित्तानं व्यायामाचे आठवडे जातील. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगानं होते. बाबांचे त्यांतले पाच आठवडे गेलेत. कोमट तेल हलक्या हातानं लावायचं असेल तर लावा, त्वचेला बरं. खांदा रगडणं, कडाकड मोडणं नको. आणि कुणाच्याही सांगण्यावरून चालू गोळ्या थांबवू नका. रक्त पातळ ठेवणारी गोळी चार दिवस बंद केली तरी दुसरा झटका येऊ शकतो. वैद्याचा काढा द्यायचाच असेल तर आधी बांबोळीच्या डॉक्टरांना दाखवा, काही औषधांचं एकमेकांशी पटत नाही.

रक्तदाब दंडावर पट्टा बांधायच्या यंत्रानं, डाव्या हातावर, पाच मिनिटं शांत बसवून मोजा. साधारण १३०/८० च्या खाली ठेवायचा असतो, पण बाबांचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. मीठ दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. आपल्याकडे ते हुमणात कमी आणि बाजूच्या ताटलीत जास्त असतं : सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, खारं नुस्तं, लोणचं, पापड. पावसाळ्यात ताजं मिळत नाही म्हणून याच महिन्यांत ते सगळं बाहेर निघतं. बाबांच्या पानात नको.

तोंड वाकडं होणं, हातातलं बळ जाणं, बोलणं अडखळणं या झटक्याच्या खुणा बाबांमध्ये आधीच आहेत, त्यामुळे दुसरा झटका ओळखणं अवघड. 'कालच्यापेक्षा वेगळं काय' हे पाहा. डावी बाजू ढिली वाटली, उचलणारा पाय एकाएकी उचलेनासा झाला, पेंग आली, भयंकर डोकं दुखलं, तर शेवटचं नीट कधी पाहिलं ती वेळ लिहा आणि १०८ ला फोन करा. तोंडात पाणी, गोळी काही घालू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन हवा, म्हणून गावातल्या दवाखान्याची फेरी मध्ये घालू नका. बाबांना नुकताच झटका येऊन गेलाय, त्यामुळे इंजेक्शन देता येईल की नाही ते डॉक्टर ठरवतील.

पैशांचं थोडक्यात. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेचं कार्ड असेल तर तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचा आधार असतो. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टची फी त्यात बसेल असं धरून चालू नका. फिजिओथेरपी कोणत्या दिवशी आणि कुठे मिळेल ते डिचोलीच्या सरकारी आरोग्य केंद्रात आणि म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात आधी विचारा. तुम्ही म्हापशालाच आहात, ही फेरी तुमची. दुर्बलता पुढेही राहिली तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. ४० टक्के किंवा अधिक असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या सवलती मिळतात. म्हणून बांबोळीचे सगळे कागद, स्कॅनची फिल्मसुद्धा, एका फायलीत ठेवा.

चवथीपर्यंत चालतील का? तारीख सांगता येणार नाही, आणि कोणी सांगितली तर विश्वास ठेवू नका. पाय थोडा उचलता येतो ही चांगली खूण आहे. पाय बहुधा हाताच्या आधी सुधारतो, हाताची बोटं सर्वांत मागाहून. तीन महिन्यांनंतर वेग कमी होतो, सहा महिन्यांनंतर आणखी, पण सराव चालू असेल तर सुधारणा त्यानंतरही होत राहते. चवथीला ते आधारानं चार पावलं टाकतील किंवा खुर्चीवरून गणपतीसमोर येतील, यांपैकी जे होईल त्यासाठी घर तयार ठेवा. पूजेला भाऊ बसेल हे आत्ताच ठरवून बाबांना सांगा, आयत्या वेळी नको. जमिनीवर पाटावर बसवू नका, उठवताना पुन्हा तोच हात ओढला जाईल. आरतीला पंधरा-वीस मिनिटं खुर्चीवर बसू द्या, मग आतल्या खोलीत दार लावून झोपू द्या. फटाके त्यांच्या खिडकीपासून लांब. त्या दिवसांत घर भरलेलं असतं आणि 'कोणीतरी गोळी दिली असेल' असं प्रत्येकाला वाटतं, म्हणून गोळ्यांचं काम एकाच माणसाकडे. बांबोळीची पुढची तारीख त्या आठवड्यात येत असेल तर आधीच बदलून घ्या आणि दहा दिवसांची औषधं सणापूर्वी घरात आणून ठेवा.